बाळाच्या छातीसाठी बरणीभर फेस

आता माझी अक्कल किती लांब धावते ते सांगू का? चहा गार झाला तरी चालेल, पण ऐकाच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बोईसरच्या एका कारखान्यात केमिस्ट होतो. कपडे धुण्याच्या पावडरीत फेस आणणारं रसायन, म्हणजे सरफॅक्टंट, आम्ही बनवायचो. त्यातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा तोरा!

बायकोला, सुमनला, आठवा लागण्याआधीच कळा सुरू झाल्या. पालघरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला बाळाच्या फुप्फुसांसाठी म्हणून इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "कळा थोपवून बघू. बाळाच्या फुप्फुसात आतून सरफॅक्टंटचा थर लागतो. तो कमी पडला, तर श्वास सोडल्यावर हवेचे बारीक फुगे मिटतात, पुन्हा उघडत नाहीत."

रात्रभर माझ्या मनात एकच: बाळ जगेल ना? दुसऱ्या दिवशी सकाळी कळा वाढल्या आणि माझं डोकं चाललं. अहो, सरफॅक्टंट तर आमच्याकडे पिंपांनी भरलंय!

कुणाला विचारायला थांबतोय कोण? सुटलो तो थेट कारखान्यात. बरणी भरताना ऑपरेटर म्हणाला, "साब, इतना सा कहाँ ले जा रहे हो?"

"बच्चे के फेफड़े में डालना है!"

तो बिचारा दोन पावलं मागे सरला.

परत दवाखान्यात आलो तर माकुणसार गावाहून आलेल्या सासूबाई दारातच उभ्या. "पोर झाला, रडला बी! तुमी कुटं होते?"

मी धावत जाऊन बरणी डॉक्टरीणबाईंपुढे धरली. "एकदम शुद्ध माल आहे, बाई. घाला!"

बाईंनी वास घेतला आणि बरणी लांब सरकवली. "हे बाळाच्या छातीत? अहो, याने डाग जातात, बाळही जाईल!"

"मग काल आईला इंजेक्शन कशाला दिलंत?"

"ते औषध आईच्या रक्तातून बाळापर्यंत जातं. फुप्फुसाच्या पेशींना निरोप टिपणारे रिसेप्टर असतात, त्यांना औषधाचा निरोप कळतो. मग पेशी आपला थर आपणच बनवतात."

"आणि जास्त झाला तर? आमची टाकी तर उतू जाते!"

"तेही पेशींना कळतं. नवा सोडणं आवरतात, जुना आत ओढून घेतात."

मी थक्क! आमच्याकडे तीन पाळ्या, मीटर, वर साहेब, आणि तरी फेस गटारापर्यंत! इथे मुठीएवढ्या छातीत ना भोंगा ना साहेब, आणि माप बिनचूक. पाळण्यातल्या त्या एवढ्याशा जिवाला हात जोडावेसे वाटले. डोळे भरून आले हो.

मग काय, दिसेल त्याला मी धरून सांगत सुटलो. आयाबाईला सांगितलं, बघायला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईला तर दोनदा. सुमनचा नुकता लागलेला डोळा उघडला, तरी माझी टकळी चालूच.

शेवटी सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"जावयबापू, तुमच्या पोराच्या छातीला बी कळतं कवा थांबायचं ते. तुमाला कवा कळनार?"