शेवंतीबाईंचा नेम

जोगेश्वरीला मी काम करतो त्या औषधाच्या दुकानातून शेवंतीबाई सहा वर्षं झोपेच्या गोळ्या न्यायच्या. नवरा गेला तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवसांपुरती चिठ्ठी दिली होती. ती घड्यांवर फाटली, तरी मी तिच्यावरच गोळ्या देत राहिलो. लोकांकडे भाकऱ्या भाजणाऱ्या, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या बाई. त्यांना कसलं आलंय व्यसन?

व्यसन त्यांच्या मुलाला, नंदूला होतं. गिरणीतली नोकरी संपात गेल्यावर तो रिक्षा चालवायला लागला, आणि दोन-दोन पाळ्या मारता याव्यात म्हणून कुठून तरी जागं ठेवणाऱ्या गोळ्या आणून खायचा. गालफडं बसली होती, येईल-जाईल त्याच्यावर खेकसायचा. चौऱ्याऐंशीच्या आषाढीला बाईंनी नेम धरला. चातुर्मासात लोक कांदा-वांगं सोडतात. नंदूची सुटावी म्हणून बाईंनी आपली गोळी सोडली. हे मला सांगायला आल्या, तेव्हा मी मूर्खासारखा म्हणालो, “झकास केलंत.”

नंदूला लाज वाटली, त्यानेही गोळ्या गटारात टाकल्या. दोन दिवस मेल्यासारखा झोपला, उठून पातेलंभर भात जेवला आणि तोंड पाडून बसला. बाईंचे हात मात्र थरथरायला लागले. चौथ्या दिवशी सकाळी नळावर त्यांना फिट आली.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी नंदूला आणि मला समोर बसवलं. नंदूच्या गोळ्या हृदयावर ताण आणतात, त्या सुटल्यावर मन खचतं, याला एकटं सोडू नका म्हणाले. पण बाईंची गोळी इतक्या वर्षांनी एकदम बंद केली तर जीवही जाऊ शकतो. ती महिनोन्‌महिने थोडी थोडी कमी करायची असते. मग चिठ्ठी कुणाची, असं त्यांनी विचारलं. वीस वर्षं औषधं विकून मला एवढंही ठाऊक नव्हतं, याची फार लाज वाटली.

शुद्धीवर आल्यावर बाई गोळी घेईनात. नर्स कंटाळली आणि गोळी माझ्या हातात देऊन गेली.

“माझा नेम मोडला की हा परत सुरू करणार, भाऊ.”

मी समजावून थकलो. शेवटी नंदू पुढे झाला. “आये, तू घे गं. मी नाय घेणार.”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोंड उघडलं. माझा त्याच्या शब्दावर काडीचा विश्वास नव्हता. तरी मी गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली.