बरणीत ओतलेलं दूध

तिसरीच्या वर्गाला सजीवांचं निरीक्षण शिकवायचं म्हणून मी माहेरच्या शेतातल्या डबक्यातून बेडकाची शेपटीवाली पिल्लं काचेच्या बरणीत घालून आणली. मंगळवार पेठेतल्या आमच्या शाळेत या पोरांना गप्प बसवताना एरवी माझ्या तोंडाला फेस येतो. त्या दिवशी सगळी बरणीभोवती चिडीचूप.

एका मुलीचा जीव मात्र सगळ्यात बारक्या पिल्लात अडकला. बाकीची वळवळायची, हे तळाशी पडून. तिचा भाऊ दिवस भरायच्या आधीच जन्मला होता आणि दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. तिला तो लांबूनच दाखवला होता.

"बाई, आमचं बाळ बी असंच हाय. हालत न्हाय. हे जगलं तर ते बी जगंल की!"

मी म्हटलं, बघूया. दुसरं काय म्हणणार?

आमच्या गावात अशक्त पोराला दुधाच्या कट्ट्यावर नेतात. समोर म्हैस पिळून फेसाळ दुधाचा पेला त्याच्या तोंडाला लावतात. पैलवानांच्या या गावात दुधानं कुणाचं वाईट होईल असं कुणाच्या मनातही येत नाही. त्या मुलीनं एके दिवशी सकाळी तसलंच दूध पाण्याच्या बाटलीतून आणलं आणि शाळा सुटताना, कुणाचं लक्ष नाही बघून, बरणीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला होता. पिल्लं उलटी तरंगत होती. त्यातलं बारकं कुठलं, तेही ओळखू येईना.

"बाई, हिनं दूध घालून मारली की!" तिनं स्वतःच दूध ओतल्याचं सांगितल्यावर वर्ग ओरडला. मी त्यांच्यावर अशी खेकसले की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. ती रडली नाही. दप्तराचा पट्टा पिळत बसली.

मग ती बरेच दिवस आलीच नाही. शिरोलीच्या कारखान्यात भट्टीवर काम करणारे तिचे वडील बाळ गेल्याचं सांगून गेले. फार वाईट वाटलं.

परत आली ती थेट माझ्या टेबलाशी.

"बाई, बाळाला कुणी दूध दिलंच न्हवतं. नुसतं सलाईन हुतं. तरी बी मेलं."

मी तिचा हात धरला.

"मग ती पिल्लं बी दुधानं मेली न्हवती. व्हय का न्हाय?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. फळ्यावर 'सजीवांची लक्षणं' लिहिलेलं होतं.

"न्हवती गं पोरी," मी म्हणाले.