कण्यातली नाकाबंदी

उभ्या लोहारा तालुक्यात ‘जागा नाही’ हे शब्द एकदाही न उच्चारलेला माणूस एकच, तो म्हणजे बाबांचे मित्र, आमचे जीपवाले काका. त्यांची काळी-पिवळी उमरग्याला निघाली की आत माणसं, टपावर माणसं, मागं पायरीवर लोंबकळणारी माणसं, आणि तरी काका ओरडत, “एकच सीट! चला, एकच सीट!” एकदा एका म्हातारीनं विचारलं, “आरं, बसू कुठं?” तर म्हणाले, “मावशे, आधी चढ तर. जागा आपोआप हुती.” वाटेवरच्या प्रत्येक शिपायाची सासुरवाडी त्यांना पाठ होती, त्यामुळं गाडी कधी अडली नाही.

मग एकदा टपावर पोती बांधताना ते खाली पडले. मज्जारज्जू दुखावला, पाय गेले. आता खुर्चीत बसून असतात. जीप मात्र दारातच. पुतण्यानं चालवायला मागितली, तर “म्या काय मेलोय का?” पूर्वी फॅनबेल्टमध्ये कापलेल्या त्यांच्या बोटाला काही महिन्यांनी पुन्हा जाणीव आली होती. “बोट आलं, मग पाय का न्हाय येनार?”

मी पुण्यात मज्जातंतूंचाच अभ्यास करते, म्हणून सुट्टीत मला बोलावणं आलं. जमेल तसं सांगितलं. बोटातला तंतू तुटला तर भोवतीच्या पेशी त्याला वाट करून देतात. कण्यातलाही वाढू पाहतो, पण तिथल्या तंतूंवरच्या वेष्टणातले रेणू त्याला ‘थांब’ म्हणतात, शिवाय जखमेचा व्रण आडवा येतो.

काका खूश. “म्हंजे गाडी चालू हाय, नाकाबंदी हाय! कोन हाय तिथं? वळखीचा बघू की.”

“काका, ते कुणाचं ऐकत नाहीत.”

“असा शिपाई असतो व्हय कुठं? गोड बोलावं लागतं, माय.”

उंदरांत त्या रेणूंना गप्प करणं थोडंफार जमलंय, माणसांत अजून नाही, असं मी म्हटलं.

“मग दिवाळीपतूर?”

हो म्हटलं असतं, तर जीप दारातच गंजली असती आणि काका तिच्याकडं बघत बसले असते. “नाही, काका. कधी जमेल, मला माहीत नाही.”

काकांनी पुतण्याला हाक मारून खिशातली किल्ली त्याच्या हातावर ठेवली. “क्लच हळू सोड. म्हाताऱ्या मानसाला टपावर बसवू नगं.”

जीप वळून गेली. त्यांनी तिकडं पाहिलंच नाही. मला विचारलं, “ते जे वाढाया बघतंय, त्याचं पुढं काय हुतं गं? मरतं?”

“नाही. टोक फुगतं आणि अडलं तिथंच राहतं. वर्षानुवर्षं.”

“जितं?”

“जितं.”

“बरं,” म्हणाले, आणि पायांवरची चादर त्यांनी नीट केली; कुणी झोपलेलं असावं तशी, अगदी हळूच.