कच्च्या डाळिंबाची साल

प्लेटमधल्या पेशी मजेत वाढत होत्या. खरं तर त्या थांबायला हव्या होत्या.

मी सोलापुरात फार्मसी कॉलेजला वनौषधी शिकवते. डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिन नावाचं द्रव्य असतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर त्याचा उपयोग होईल का, हा आमचा प्रोजेक्ट. प्रयोग माणसांवर नाही, लॅबमध्ये वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर. सालीच्या पहिल्या अर्काने त्यांची वाढ रोखली होती. दुसऱ्या खेपेच्या अर्काला त्यांनी जुमानलंच नाही.

"मॅडम, पहिला रिझल्ट चुकून आला असणार," विभागप्रमुख म्हणाले. "बंद करू या."

"सर, आठ दिवस द्या."

"आठच."

सगळं पुन्हा तपासलं. पेशी ठीक, अर्क ज्यात विरघळवतो ते सॉल्व्हंटही ठीक. मग अर्क एचपीएलसीवर लावला. हे यंत्र मिश्रणातली द्रव्यं वेगळी करतं आणि कोणतं किती आहे ते आलेखात दाखवतं. आमचं द्रव्य या खेपेला जेमतेमच होतं. म्हणजे घोटाळा सालीतच.

साल जेऊरच्या लक्ष्मीबाई त्यांच्या बागेतून पाठवायच्या. मी गाडी पकडून तिथे गेले.

"दोन्ही वेळची साल याच झाडांची ना?"

"व्हय की."

"वाळवली कुठे?"

"सावलीतच, दोनी टायमाला."

"मग बदललं काय?"

त्या जरा संकोचल्या. "पैल्यांदा विरळणीतली बारकी, हिरवी फळं व्हती. झाडावर दाटी झाली की आमी ती काढून टाकतो. मागनं मलाच कसंतरी वाटलं. कॉलेजात द्यायचं आन असलं? म्हनून दुसऱ्यांदा लई चांगली, पिकल्याली निवडून सोलली."

मी हसतच सुटले. कच्ची साल जास्त तुरट, आणि आमचं द्रव्य त्या तुरटपणातलंच. वर्गात हे मीच शिकवते.

त्यांच्याकडे उरलेली हिरव्या फळांची वाळकी साल आणून नवा अर्क केला. तिसऱ्या दिवशी पेशींची वाढ थांबलेली दिसली. सरांनी मायक्रोस्कोपमधून दोनदा पाहिलं आणि सगळ्या विभागाला चहा सांगितला.

मी लक्ष्मीबाईंना फोन केला.

"मंजी क्यान्सर बरा व्हतोय?"

"नाही हो. काचेतल्या पेशी थांबल्यात. औषध व्हायला अजून खूप वेळ आहे, कदाचित होणारही नाही. कुणी विचारलं तर डॉक्टरांचीच ट्रीटमेंट घ्यायला सांगा."

"सांगते. पर आपली साल चांगली निघाली की."

"फार चांगली निघाली."

हल्ली नमुना हातात आला की मी आधी देणाऱ्याला विचारते, हा निवडला कसा? यंत्र लाखोंचं असलं तरी हा प्रश्न ते विचारत नाही.