उघड्या दाराचं मशीन

"ये इकडं. लाल चौकोनात उभी राहा."

साहेब हसत म्हणाला. ह्यो साहेब लय हसायचा. ओरडणारा माणूस परवडला, त्याचं काय चाललंय ते कळतं तरी. ह्यो गोड बोलायचा आन् आमच्या अंगाला घाम सुटायचा.

सकाळच्या पाळीची मीटिंग हुती. साताऱ्याच्या एमआयडीसीतली मोठी कंपनी, गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग करणारी. मशीनच्या रांगंसमोर फरशीवर लाल रंगानं चौकोन आखलेला. काल ज्याचं चुकलं त्यानं त्यात उभं ऱ्हायाचं, तोंड सगळ्यांकडं करून. मग साहेब म्हणायचा, "टाळ्या." की सगळ्यांनी वाजवायच्या. त्या दिवशी माझी पाळी आली.

काय चुकलं हुतं माझं? माझ्याकडचं चार नंबरचं प्रेस मशीन, पत्रा ठोकून आकार देणारं, मी बंद केलं हुतं. त्या मशीनला जाळीचं दार हाय. दार उघडं असलं की मशीन चालायला नगं, कारण तवा बाईचा हात आत असतो. आन् मी बघते तर दार उघडं, मशीन चालू. दाराच्या चौकटीला एक बारकं लोहचुंबक चिकटपट्टीनं डकवलेलं. त्यानं मशीनला वाटतं, दार लागलंय. दर खेपंला दार लावायचं-उघडायचं म्हणजे दोन-चार सेकंद जातात, ते वाचवायला केलेली हुशारी. मी बटण दाबलं, सुपरवायझरला हाक मारली. वीस मिनिटं लाईन थांबली. का थांबली, ते मीटिंगमधी कुणी विचारलं न्हाई.

"गाव कुठलं गं तुझं?"

"माहेर दहिवडीकडचं."

"म्हणजे मेंढरं राखणारी." साहेबानं सगळ्यांकडं बघितलं. "अगं, मेंढरंसुद्धा रांगेत चालतात. तुला तेवढंही जमत नाही?"

हसले की सगळे. माझ्या डब्यातली चटणी खाणाऱ्या बायाबी हसल्या.

माझा बाप मेंढरं राखायचा. मीबी राखल्यात, पायात चप्पल न्हवती तवापासनं. मेंढरं रांगंत चालत न्हाईत, घोळक्यानं चालतात, एवढंबी ह्या शिकलेल्याला म्हाईत न्हवतं. ते मला त्याच्या तोंडावर सांगायचं हुतं. गावात मी तोंडाळ म्हणून ओळखली जाते. एसटीच्या कंडक्टरला, सासऱ्याला, सरपंचाला, कुणाला सोडलेलं न्हाई. आन् तिथं चकार शब्द निघाला न्हाई. लघवीला लागली हुती, तरी चांगली दहा मिनिटं तशीच उभी ऱ्हायले. आपल्याच बापाची लाज वाटली मला त्या दहा मिनिटांत. ती लाज आजबी आठवली की माझाच मला राग येतो.

लोहचुंबक काढलं न्हाईच. सुपरवायझर म्हणाला, "बघतो." आन् बघतच ऱ्हायला.

चौकोनातनं लवकर सुटायची एक वाट हुती. दुसऱ्या कुणाची चूक सांगायची. साहेबाच्या कानात एक नाव टाकलं, की तो म्हणायचा, "शाब्बास, जा कामाला." बास, एवढ्या एका नियमानं त्यानं आमच्या शेडातल्या आमा बावीस बायकांचं वाटोळं केलं. कोण कवा कुणाचं नाव घेईल, नेम न्हाई. डब्याच्या वेळंला लोणचं द्यायचं-घ्यायचं, लेकरांचं विचारायचं, पण कामाचं काय बोलायचं न्हाई. एकीचं मनगट कापलं तर तिनं फडकं बांधलं आन् घरी विळीनं कापलं म्हणून सांगितलं. फाटकावरच्या बोर्डावर हिरव्या रंगात लिवलेलं, 'अपघात शून्य'. शून्यच असणार! सांगतंय कोण?

आन् मी काय केलं? सांगते, लपवून काय करायचं. मी पाठ दुखती म्हणून चार नंबरवरनं त्याच शेडात दुसऱ्या मशीनवर बदली मागून घेतली. जीव वाचवला माझा. ते मशीन दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जाणार, ह्ये मला कळत न्हवतं असं न्हाई.

ते गेलं रेखाच्या वाट्याला. रेखा आष्ट्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी साताऱ्यात आलेली. पॅकिंगला हुती, ते पार दुसऱ्या शेडात. आमी कंपनीच्या एकाच बसनं जायचो, एकमेकीला जागा धरायचो. तिच्या लेकीच्या बारशाला मी पाळण्याची दोरी धरलेली. एका सकाळी बसमधी म्हणाली, "आगं, मला प्रेसवर घेतलं! चार नंबरला."

मी खिडकीतनं बाहेर बघायला लागले.

तोंडात आलं हुतं. त्या दारावर इस्वास ठेवू नगंस, एवढंच म्हणायचं हुतं. पण मागल्या महिन्यात रेखा तिच्या शेडातल्या चौकोनात उभी ऱ्हायली आन् दोन मिनिटांत सुटली, असं कानावर आलं हुतं. म्हणजे तिनं कुणाचं तरी नाव दिलं असणार. मला वाटलं, मी ह्ये बोलले आन् उद्या तिच्यावर येळ आली, तर ही माझंच नाव देणार. मैत्रीण माझी. आन् मला तिची भीती वाटली. साहेबाला आमच्यावर नजर ठेवायला माणूस लागतच न्हवता. आमीच एकमेकींवर ठेवत हुतो.

"बरं झालं," मी म्हणाले.

आठ दिवस मी तिच्याकडं बघायचं टाळत हुते. प्रेसचा ठोका एकसारखा पडत असतो, कानाला सवय हुती त्याची. पण ते आठ दिवस चार नंबरचा ठोका मला येगळा ऐकू यायचा. नवव्या दिवशी दुपारच्या डब्याआधी ठोका पडला आन् किंचाळी आली. मी वळून बघितलं न्हाई. कुठलं मशीन, ते मला म्हाईत हुतं.

रेखाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. तिच्या हाताला पांढरं गठुडं बांधलेलं. मला बघताच तिनं विचारलं,

"तू लाईन थांबवली हुतीस, ती ह्याच मशीनची न्हवं?"

"व्हय."

"त्या दारापायीच?"

"व्हय."

"मग मला का बोलली न्हाईस गं?"

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी उठून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार नंबरचं मशीन धुऊन लख्ख केलेलं. फुलांचा हार, उदबत्ती, नारळ. बाजूच्या टेबलावर एक कागद आन् पेन. पूजा झाली की सगळ्यांनी सही करायची हुती. कागदावर लिवलेलं, कामगाराच्या निष्काळजीपणामुळं अपघात झाला.

"नजर लागली असेल मशीनला," साहेब म्हणाला. हसला, पण जरा कमी. मग माझ्याकडं वळला. "ताई, तुम्ही इथल्या जुन्या. तुम्ही लावा हळद-कुंकू."

कालपतुर मी 'तू' हुते. आज 'ताई'.

ताट घेतलं. मशीनपुढं गेले. कुंकवात बोट बुडवलं, दाराला लावायला वाकले, आन् दिसलं. लोहचुंबक तिथंच. आन् चिकटपट्टी नवी, कोरी. मशीन धुताना रक्ताबरोबर जुनी निघाली असणार, म्हणून कुणीतरी नवी लावलेली. एका बाईची बोटं गेल्यावर, त्याच जागी, मापानं कापून.

माझं डोस्कं फिरलं. सरळ सांगते, मला रडू आलं न्हाई, राग आला. ताट खाली ठेवलं. नखानं चिकटपट्टी उचकटली आन् लोहचुंबक सगळ्यांना दिसंल असं हातात धरलं.

"ह्ये लावून चालवताय हे मशीन. करा आता चालू."

दार उघडं हुतं. सुपरवायझरनं घाबऱ्या घाबऱ्या बटण दाबलं. मशीन हाललं न्हाई.

"लाव ते परत," साहेब म्हणाला. आता हसत न्हवता.

"न्हाई लावत."

"उद्यापासून येऊ नकोस."

"आजच जाते. पण आदी बोलून जाते." मी बायकांकडं वळले. "मला म्हाईत हुतं. मी एकदा सांगितलं, तुमी टाळ्या वाजवल्या. मग मीबी गप बसले. रेखाला सांगितलं न्हाई. तिची बोटं ह्यांनी खाल्ली आन् माझ्या गप बसण्यानं खाल्ली. आता त्या कागदावर सही करायची का न्हाई, तुमचं तुमी बघा."

दंडाला धरून मला फाटकाबाहेर काढलं. लोहचुंबक हातातनं हिसकावून घेतलं. शेडातल्या उरलेल्या सगळ्या एकवीस जणींनी सही केली, ह्ये मागनं कळलं.

मी कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कचेरीत जाऊन जबाब दिला. माझी बदली, माझी भीती, सगळं त्यात लिवलंय. तिथला साहेब म्हणाला, "बाई, ह्यात तुम्हीसुद्धा अडकाल." म्हटलं, अडकू द्या. रेखा अजून माझ्याशी बोलत न्हाई. तिनं बोलावं असा माझा हट्टबी न्हाई. माफी मागून बोटं उगवत न्हाईत.

आता मी रोज पाळी सुटायच्या येळंला कंपनीच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पल्याड उभी ऱ्हाते. बाया बाहेर पडल्या की मोठ्यानं सांगते, कुठल्या मशीनचं दार खोटं हाय, कुठल्याचं बटण अडकतं. मला म्हाईत असलेलं सगळं. बाया खाली मान घालून बसमधी चढतात. वॉचमन शिव्या देतो. कंपनीच्या वकिलाची नोटीस आली, नवरा म्हणतो आता बास कर. मी न्हाई करत.

परवा एकजण चपलेचा पट्टा ठीक करायच्या निमित्तानं माझ्याजवळ वाकली. लय हळू बोलली, "सहा नंबरलाबी लोहचुंबक लावलंय. पण आक्का, कुणाला सांगू नगंस, पाया पडते."

"तुझं नाव न्हाई सांगत," मी म्हणाले. "मशीनचं सांगणार."

आन् ती बसमधी चढायच्या आतच मी सांगितलं, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं.