दाजींचं समुद्रातलं सोवळं

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, जगातलं समदं कळतं. कळत नाय ते फक्त घरातलं. नाव कारभारी. उभी नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात गेटवर हजेरी घेण्यात गेली. रिटायर झाले तरी खोड जाईना. मग मुकुंदवाडीत भजनी मंडळाचे अध्यक्ष झाले आन् गल्लीची हजेरी घ्यायला लागले. कुणी अंडी आणली, कुणाच्या घरी रविवारी मटण शिजलं, समदं तोंडपाठ. स्वतःच्या गळ्यात तुळशीची माळ घातली ती घातली, अक्काच्याही गळ्यात घातली. एकदा माळ घातली की मांस-मच्छी बंद. अक्काला विचारलं का? अहो, अक्काला कोण विचारतंय! आमच्या अक्काला, द्वारकाबाईला, चहा पाहिजे का, हेबी दाजीच सांगणार, "ती घेत नाय." आन् माझी बहीण, मेली, मान हलवणार.

मी माळकरी नाय. आमच्याकडं जायकवाडीचे मासे येतात आन् मी ते चवीनं खाते. म्हणून दाजी माझ्या घरचं पाणी पीत नाय. नका पिऊ! इथं नळाला पाणी येतं कधी, वाटायला?

तर अक्काच्या छातीतला कॅन्सर. पहिल्यांदा निघाला तेव्हा ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, परत आले. औंदा तो हाडात निघाला. दवाखान्यातल्या डॉक्टर मनस्विनी मॅडम वयानं लहान, पण बोलणं सरळ. म्हणाल्या, "आधीची औषधं आता काम करत नाहीत. एक इंजेक्शन आहे. पूर्ण बरं होईल असं मी म्हणणार नाही, पण आजार आवरला तर काही काळ चांगला मिळेल. उशीर मात्र करू नका."

इथंच थांबल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण शिकलेल्या माणसाला गप बसवत नाय. म्हणाल्या, "गंमत म्हणजे हे औषध मूळ समुद्रातल्या एका स्पंजात सापडलं."

"स्पंज म्हंजी भांडे घासायचा?" दाजींनी विचारलं.

"नाही हो, तो जिवंत प्राणी असतो. खडकाला चिकटून राहतो."

झालं! मॅडम पुढं सांगत होत्या की आता औषधासाठी कुणी प्राणी काढत नाही, कारखान्यात रसायनं जोडून बनवतात, त्यात त्या जिवाचा कणसुद्धा नसतो. पण दाजींनी "प्राणी" ऐकलं आन् कान मिटले. "माळकरी बाईच्या अंगात जनावर घालता? नाय जमायचं." उठले, अक्काला रिक्षात घातलं आन् घरी.

मी म्हणलं, निदान माळ घालणाऱ्या तुमच्या महाराजांना तरी विचारा. महाराज फोन उचलेनात. मग दाजींनी स्वतःच निकाल दिला, धर्म बुडतो! आन् वर स्वतःच डॉक्टर झाले. त्यांचा एक दोस्त हाय, कडुबा. आधी प्लॉट विकायचा, आता डबे विकतो. क्रांती चौकातल्या हॉटेलात कुणा टायवाल्याचं भाषण ऐकून आला आन् "सागर-संजीवनी" नावाची पांढरी पूड दाजींच्या गळ्यात मारली. समुद्राच्या तळाची वनस्पती म्हणे. गाठ विरघळते म्हणे. सकाळ-संध्याकाळ अक्काला चमचा चमचा. दाजीबी गुडघ्यासाठी एक चमचा घ्यायचे, आन् तोही देवाला नैवेद्य दाखवून!

दिवाळी गेली, संक्रांत आली. अक्का जिना चढताना कठड्याला लटकायची. मी जाऊन भांडायचे, घसा बसेपर्यंत. दाजी म्हणायचे, "श्रद्धा पाहिजे, मनकर्णाबाई." अक्का म्हणायची, "ह्यांना इचार." मला तिचा राग यायचा आन् घरी जाऊन रडूबी यायचं.

हळदी-कुंकवाला गेले तर दाजी पूड कोमट पाण्यात कालवत होते. वाफ नाकात गेली आन् मी थबकले. "दाजी, ही मासळी हाय."

"तुला बरी समदीकडं मासळी दिसती!"

"दिसत नाय, वास येतोय. जन्म गेला माझा ते धुण्यात."

डबा उचलला, अक्काला उठवलं आन् रिक्षा धरली. दाजी मला खोटं पाडायला स्कूटरवर मागून आले.

मनस्विनी मॅडमनी डबा फिरवून मागची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली, पूड हुंगली आन् कपाळाला हात लावला. "ही शार्क माशाच्या मऊ हाडाची पूड आहे. शार्कला कॅन्सर होत नाही अशी थाप मारून विकतात. त्यालाही होतो. आणि या पुडीनं कॅन्सर आवरत नाही, हे तपासून झालंय."

घ्या! रोज विठोबाला माशाच्या हाडाचा नैवेद्य! दुसरा असता तर जमीन दुभंगून आत गेला असता. पण आमचे दाजी, पडले तरी नाक वर. घसा साफ केला आन् म्हणाले, "औषधाला दोष नसतो. औषध म्हणून घेतलं की चालतं."

"व्हय का? मग सुईलाच कसा काय दोष लागला?"

"ते येगळं."

"काय येगळं?"

"तुला नाय कळायचं."

मॅडमनी दाजींकडं बघणं सोडलं. खुर्ची अक्काच्या पुढ्यात ओढली. "मावशी, तुम्हाला काय पाहिजे?"

"ती नाय घेत..." दाजी सवयीनं सुरू झाले.

"मला जगायचंय," अक्का म्हणाली.

लई हळू म्हणाली. "मला जगायचंय, मॅडम. मला कुणी इचारलंच नाय."

मला वाटलं, आता तरी दाजींची मान खाली जाईल. छे! "मग आधी बोलायचं ना!" ते म्हणाले. "माणसाला कसं कळणार?"

मी त्यांना तिथंच फाडून खाल्लं असतं. पण सिस्टर आल्या, इंजेक्शनच्या आधी रक्त तपासायचं म्हणाल्या, आन् अक्का बाही वर सारायला लागली. दंड इतका वाळला होता की सिस्टरनी एकदा टोचलं, दुसऱ्यांदा टोचलं, शीर घावंना. दुसरा हात घेतला, तिथंबी तेच.

"शोधा, बाई," अक्का म्हणाली. "असंल कुठंतरी."