घुमी पोर आणि सुपारी

आमचं रान माळावरचं, कोरडवाहू. बाजरी पिकलीच तर संक्रांतीपर्यंत पुरायची, मग कणगीचा तळ दिसायचा. आई चिंचवडला गवताचे भारे विकायची, आबा स्टेशनवर हमाली करायचे. उन्हाळ्यात चाकणहून आत्या, म्हणजे आबांची थोरली बहीण, बाजरीचं पोतं पाठवायची तेव्हा भाकरी दिसायची. म्हणून आमच्या घरात आत्याचा शब्द खाली पडत नसे.

आत्या बोलघेवडी. एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या लेकीचंही लग्न जुळवून उतरणारी. आणि मी घुमी. चार बायका जमल्या की मी मागच्या दारी भांडी घासायला जाई. माणसं मला नको होती असं नाही, एकदम सगळी नको होती. आत्या म्हणायची, "पोरीनं मूग गिळल्यात जणू!"

मी मॅट्रिक झाले. शाळेतल्या बाईंनी पुण्याच्या कॉलेजात नादारीची, म्हणजे फीमाफीची, सोय करून दिली. घरी मी एवढंच म्हटलं, "मला जायचंय." आबांनी मान हलवली. तेही माझ्याच जातीचे, कमी बोलणारे.

तेवढ्यात आत्यानं स्थळ आणलं. विहिरीवर इंजिन, मुलगा पिंपरीच्या नव्या कंपनीत चिकटलेला. बघायला आले तेव्हा मी नाव सांगितलं आणि गप्प बसले. तेच त्यांना आवडलं. आमच्याकडे पोरीचा होकार असाच धरतात. नाही म्हणाली नाही, म्हणजे हो. मला वाटलं, आबा आत्याला सांगतील. आबांना वाटलं, मी सांगेन. दोघंही गप्प राहिलो आणि सुपारीचा दिवस उजाडला.

सगळी भाऊकी ओट्यावर बसली होती. ताटात नारळ, हळदकुंकू, सुपारी. ती फुटली की लग्नाचा शब्द दिला गेला. मग मागं फिरणं म्हणजे आबांनी गावात तोंड दाखवायचं नाही.

मुलाच्या चुलत्यानं अडकित्ता उचलला. "मग, फोडायची का?"

"फोडा की!" आत्या म्हणाली.

"पोरीला इचारलंय न्हवं?" आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं रीत म्हणून विचारलं.

"तिला काय इचारायचं? मुकं मांजर ते!"

सगळे हसले. आबा खाली बघत होते. मी उंबऱ्याच्या आत उभी. "फोडू नका," मी म्हटलं. ते फक्त शेजारच्या आईला ऐकू गेलं. तिनं माझं मनगट धरलं. ओढायला की आधाराला, ते कळलं नाही.

"सुपारी फोडू नका. मला कॉलेजात जायचंय," मी पुन्हा म्हटलं, या वेळी ओट्यापर्यंत जाईल असं.

"आं? बोलती व्हय ही!" चुलता म्हणाला. कुणीतरी हसलं, मग कुणीच हसलं नाही.

"आत हो," आत्या म्हणाली. "थोरांची बैठक हाय."

"होते आत. पण सुपारी फोडली तरी मी मांडवात उभी राहणार न्हाई."

आत्या आबांकडे वळली. "आरं, तू तरी बोल! का माझी बाजरी गोड अन् शब्द कडू?"

हे सगळ्यांसमोर. आबा उठले. ताटातली सुपारी उचलून त्यांनी कोपरीच्या खिशात टाकली आणि पाहुण्यांना हात जोडले. पाहुणे चहा न घेता गेले. त्यांच्या मागोमाग आत्याही.

त्यानंतर बाजरी बंद झाली. भाऊकीतल्या लग्नाचं बोलावणं आमच्या दाराशी येईना. आबा रात्रपाळीचीही हमाली करू लागले, आई आणखी एक भारा कापू लागली. मी सकाळची गाडी धरून पुण्याला जाई. तिथंही मी बोलकी झाले नाही. शेवटच्या बाकावर बसे, आणि मुली मला शिष्ट म्हणत. म्हणोत.

मी बी.ए. झाले. आमच्या भाऊकीत तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, बाईही नाही आणि बाप्याही नाही.